दगडातून सुटण्याची अट

माझी वैदूबाई दगडात बंद झाली, त्या रविवारी मला वाईट वाटलं नव्हतं. उलट मजाच वाटली होती.

ही वैदूबाई म्हणजे खेळातलं माझं पात्र. औरंगपुऱ्यात माझ्या एका मित्राचं चष्म्याचं दुकान आहे. रविवारी दुपारी तो शटर अर्धं ओढायचा आणि आम्ही वरच्या माळ्यावर काचांच्या खोक्यांमध्ये जागा करून बसायचो. खेळ असा, की एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "समोर दरी आहे, काय करतेस?" तो विचारतो. "उडी मारते," म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा देईल तेवढीच उडी. यात राक्षस असतात, मांत्रिक असतात, तळघरं असतात, आणि चाळिशीला आलेली शहाणी माणसं तासन्‌तास त्यात हरवून जातात. गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रजीत काहीही म्हणोत, आम्ही सूत्रधार म्हणायचो. आमचा सूत्रधार म्हणजे तो दुकानदार मित्रच.

बाकी कायम टिकलेले आम्ही दोघं. मी वाळूजला एका कारखान्यात मालाची तपासणी करते. दुसरा आमच्याच कॉलेजातला, इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून वकील झालेला. त्याच्या घरी गंगापूरकडं शेती आहे आणि कोर्टाबाहेर तो अजून गावाकडचंच बोलतो. खेळात तो नोकरीवरून काढलेला एक शिपाई होता, हातात गंजकी तलवार. मी जडीबुटी विकत फिरणारी वैदूबाई.

सूत्रधाराचं बोलणं हे त्या दुकानाचं अर्धं भांडवल होतं. नंबर तपासायला आलेला म्हातारा तासभर गप्पा मारून जायचा. खेळात तर तो एकटा अख्खा बाजार उभा करायचा. जकात नाक्यावरचा कारकून वेगळा, धर्मशाळेत जेवण रांधणारी कुरकुरी भटियारीण वेगळी, आणि राजा बोलला की वकील नकळत पाठ ताठ करायचा. काळ्या खडकाचे डोंगर, त्यात कोरलेले किल्ले, कोरड्या बारवा, असा देश त्यानं डोक्यातच वसवला होता. कागदावर काही नाही. त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "किराण्याची यादीसुद्धा हे लिहून नेत नाहीत. राज्य कुठून लिहिणार?"

तर त्या रविवारी आम्ही एका मांत्रिकाच्या दरबारात शिरलो होतो. त्यानं एका गावाचं पाणी आटवलं होतं आणि आम्ही ते परत मागायला गेलो होतो. मी जरा जास्तच बोलले. मांत्रिकानं हात वर केला. मी फासा टाकला, तो अगदीच हलका पडला. मग सूत्रधारानं खिशातून एक दगड काढला. वेरूळच्या रस्त्यावर विकायला असतात तसला, बाहेरून मातकट आणि आतून पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला, मधोमध फोडून दोन वाट्या केलेला. माझ्या वैदूबाईचं बोटभर प्यादं त्यानं एका वाटीत ठेवलं आणि दुसरी वाटी वर मिटली.

"म्हंजे मेली का?" वकिलानं विचारलं.

"मेली नाही. तिला भूक नाही, तहान नाही, वय वाढणार नाही. बाहेरचा उजेड आत जाईल. आतला आवाज मात्र बाहेर येणार नाही."

"जन्मठेप म्हण की सरळ. जामीन हाय का नाय?"

सूत्रधार हसला. या मंत्रात एक गोम आहे, म्हणाला. बंद करणाऱ्यानं सुटकेची अट मंत्र टाकतानाच ठरवावी लागते. अट नाही तर मंत्र लागत नाही. आणि अट खरोखर घडू शकेल अशीच पाहिजे. सूर्य पश्चिमेला उगवला तर, असली बनवाबनवी चालत नाही. ती अट पुरी झाली की दगड आपोआप उघडतो. दुसरा उपाय म्हणजे फार मोठ्या ताकदीचा उलटा मंत्र, आणि तो मिळायला आम्हाला अजून कित्येक वर्षं खेळावं लागलं असतं.

"मग अट काय?" मी विचारलं.

"मांत्रिकाला माहीत."

"म्हणजे तुलाच."

"हो, मलाच. सोपी आहे. तुमच्या नाकासमोर आहे. दिसत नसेल तर खाली चला, नंबर तपासून देतो."

त्यानंतरचे काही रविवार मी नुसतं बसून ऐकलं. दुसरं पात्र घे, असं तो म्हणाला, पण मला नको होतं. इतकी वर्षं सांभाळलेली बाई अशी टाकून कशी देणार? शिपाई मात्र माझ्यासाठी झटत होता. त्यानं दगडावर घण घातले, तो दगड नदीत बुडवून पाहिला, मांत्रिकाच्या आईकडं रदबदली केली. आई हातात पिशवी घेऊन भाजीवालीशी भांडत असताना त्यानं तिला गाठलं होतं. ते भांडण सूत्रधारानं दोन्ही बाजूंनी इतकं रंगवलं, की हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. प्रत्येक प्रयत्नानंतर तो मान हलवायचा. नाही. हे नाही.

मग एका गुरुवारी सकाळी दुकानात सूत्रधाराला झटका आला. समोर खुर्चीवर जुनं गिऱ्हाईक बसलं होतं. भिंतीवरची अक्षरं वाचा, असं सांगायला यानं तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच काही बाहेर पडलं. ना धड शब्द, ना धड आवाज. गिऱ्हाइकाला वाटलं, हा नेहमीसारखी कुणाची तरी नक्कल करतोय. तो हसला. यानं पुन्हा प्रयत्न केला, तो पुन्हा हसला. हातातली काच खाली पडून फुटली तेव्हा कुठं त्यानं शेजारच्यांना हाका मारल्या.

तो माणूस दवाखान्यात माझ्यापुढं हात जोडून हेच सांगत होता. "मला काय ठाऊक हो ताई. ते नेहमी असंच करायचे ना." मीही हसलेच असते.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, वाचा गेली. कळत काय नि किती असेल, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पडेगावला त्यांचा फ्लॅट आहे, तिथं घरी आणल्यावर मी आणि वकील भेटायला गेलो. तो सोफ्यावर उशांना टेकून बसला होता. आम्हाला बघून त्याचा अर्धा चेहरा उजळला.

"परवा," तो म्हणाला.

"काय परवा?" वकिलानं विचारलं.

"परवा. परवा परवा."

एवढा एकच शब्द त्याच्याकडं उरला होता. पाणी हवं तरी परवा, नको तरी परवा. होऊन गेलेला परवा की येणारा परवा, हेही त्याला ठाऊक नसावं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "चेहऱ्यावरून ओळखायचं. मला आता थोडं थोडं जमतंय."

दोनेक महिन्यांनी वहिनींचाच फोन आला. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्यांनी सांगितलं होतं, की ज्या विषयावर हे भरभरून बोलायचे ते काढा. "ताई, तुमचा तो खेळ घेऊन या," वहिनी म्हणाल्या. त्यांना तो खेळ कधीच आवडला नव्हता. रविवारची दुपार त्यानं खाल्ली म्हणून त्या कायम कुरकुरायच्या.

आम्ही फासे, प्यादी, तो दगड, सगळं घेऊन गेलो. टीपॉयवर फासे ओतल्याबरोबर त्यानं डावा हात त्यात घातला आणि नुसते खुळखुळवत बसला. मग त्यानं दगड उचलला. माझ्याकडं बोट केलं, दगडाकडं केलं, खिडकीकडं केलं. "परवा," तो कळवळून म्हणाला.

"अट सांगतोय," मी म्हणाले.

वकिलानं खुर्ची पुढं ओढली. उलटतपासणी त्याचा हातचा मळ. "मी विचारतो, तू फक्त मान हलव. अट माणसाबद्दल हाय का? जागेबद्दल? कुणी मरायला पाहिजे का?" सूत्रधार सगळ्यालाच मानेनं हो म्हणत होता. मग वहिनींनी सांगितलं, की हो आणि नाही यांची त्याच्याकडं अदलाबदल होते. खात्री करायला वकिलानं विचारलं, "तू बाई हायस का?" त्यानं जोरात होकारार्थी मान हलवली. दुसऱ्याच क्षणी आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं कपाळावर मूठ मारून घेतली. एकदा, पुन्हा एकदा. वहिनींनी धावत येऊन हात धरला.

परतताना जिन्यात वकील डोळे पुसत म्हणाला, "लई वाईट झालं गं. तुझी बाई दगडात, अन् हा बी दगडातच."

वहिनी मागून आमची पिशवी घेऊन उतरत होत्या. त्यांनी ऐकलं. "असं बोलू नका भाऊजी," त्या म्हणाल्या. "दगडात भूक लागत नाही म्हणता ना तुम्ही? यांना लागते. कशाची लागली ते सांगता येत नाही म्हणून ताट भिरकावतात."

तरी आम्ही जात राहिलो, कारण रविवारी तो वाट बघायचा. कपाट उघडायला लावून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत चित्रांचे पत्ते काढले. दिवा, पक्षी, विहीर, भाकरी, किल्ला, आई, आग. त्यानं बोट ठेवावं आणि आम्ही अट ओळखावी. एका रविवारी तो पक्षी दाखवायचा, पुढच्या रविवारी आग. आम्ही पक्ष्याची अट करून पाहायचो, आगीची करून पाहायचो. त्याचा चेहरा म्हणायचा, नाही.

वहिनी त्याच्याकडचं खेळाच्या नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दुपारी घेऊन बसू लागल्या. अडलं की मला फोन. एकदा त्यांनी विचारलं, "अट त्या बंद केलेल्या बाईच्या स्वभावावर असू शकते, असं आहे इथं. तुमची वैदूबाई कशी आहे हो?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. ती हट्टी आहे, मी म्हणाले. फुकट औषध देते, पण उपकार कुणाचे घेत नाही. वहिनी म्हणाल्या, "मग कुणाची तरी मदत घेणं, ही अट असेल." तेही करून पाहिलं. नाही.

गणपतीत वहिनींचा फोन आला. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "ताई, यांनी आरती म्हटली. सगळी. एक शब्द चुकला नाही." मी अर्धी सुट्टी टाकून पळत गेले. बोलायला शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं, की गाणं मेंदूच्या दुसऱ्या बाजूला राहतं. पाठ असलेलं बाहेर येतं, मनातलं येत नाही. वहिनी "हो का" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

वकिलानं आशा सोडली नाही. "मग चालीवर सांग ना," त्यानं सूत्रधाराला विनवलं, "आरतीच्या चालीवर अट सांग." त्यानं स्वतः टाळ्या वाजवून ठेका धरला. सूत्रधारानं डोळे मिटले, मन लावून सुरुवात केली, आणि आरतीच बाहेर आली. थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच शब्द. तो मध्येच थांबायचा, ओठ दाबून धरायचा, जणू ते शब्द अडवून त्यांच्या मागचे काढायचे आहेत. शेवटी मीच वकिलाचा हात धरला. टाळ्या थांबल्या.

मग दिवाळीनंतर त्यानं सलग विहिरीचा पत्ता दाखवला. एका रविवारी, पुढच्या रविवारी, त्याच्याही पुढच्या. आम्हाला पटलं, की हीच अट. मांत्रिकानं गावाचं पाणी आटवलं होतं, त्याच गावाच्या विहिरीत दगड सोडायचा. नाकासमोरच तर होतं. त्या दिवशी गोष्ट सांगायला वहिनी बसल्या. पहिल्यांदाच. पदर खोचून, पुस्तक बाजूला ठेवून.

"शिपाई विहिरीपाशी आला," त्या म्हणाल्या. "विहीर कोरडी आहे. तळाला... तळाला काय असतं? गाळ. गाळ आहे. एक बेडूक आहे. शिपाई दोराला दगड बांधतो."

सूत्रधार त्यांच्याकडं बघत होता. नवऱ्यानं बायकोकडं असं बघितलेलं मी फार कमी पाहिलंय. वहिनींच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा आवाज थोडा वर चढला. "दोर सुटतोय. दगड खाली चाललाय. गाळाला टेकला. आणि..." त्या त्याच्याकडं वळल्या. "उघडला का हो दगड?"

खाली दौलताबादच्या रस्त्यावरून जाणारा ट्रक तेवढा ऐकू आला.

वकिलाला धीर धरवेना. "सुटली! सुटली ना बे!" असं ओरडून त्यानं टीपॉयवरचा दगड उचलला, दोन्ही वाट्या वेगळ्या केल्या आणि माझं प्यादं माझ्या हातावर ठेवलं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. मला सुटायचंच होतं.

सूत्रधारानं डावा हात पुढं केला. माझ्या तळहातावरून प्यादं उचललं, वाटीत ठेवलं, दुसरी वाटी वर मिटली आणि पंजानं दाबून धरली. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत गोंधळ नव्हता, काही विसरल्याचं नव्हतं. खोटी सुटका देणार नाही, एवढं ती नजर स्पष्ट सांगत होती. माळ्यावर आम्ही फासा जरा तिरका टाकला तर तो असाच बघायचा.

वहिनींच्या टाळ्या हळूहळू थांबल्या. "म्हणजे यांना सगळं आठवतंय," त्या म्हणाल्या.



"डॉक्टर म्हणाले होते, कळत किती असेल ते सांगता येत नाही. मला वाटायचं, कमी कळत असेल. कमी कळलेलं बरं, असं मी देवाला म्हणायचे." त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो चालूच राहिला. सूत्रधार त्या आवाजाच्या दिशेनं बघत होता. त्यानं उठायचा प्रयत्न केला. मी आधार दिला तर त्यानं माझा हात झटकला. दोन पावलांवर भिंत धरून उभा राहिला, पुढं जाता येईना, मागं येता येईना.

पुढच्या रविवारी तो बाहेरच्या खोलीत आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही बाहेर बसलो की आतून दार लोटल्याचा आवाज यायचा. मग वहिनींनी मला फोन करून सांगितलं, "ताई, रविवारी येऊ नका आता. तुम्ही येऊन गेल्यावर ते दोन दिवस जेवत नाहीत." बोलायला शिकवणाऱ्या बाईंनीही येणं कमी केलं होतं. जे परत यायचं ते आलं, असं त्या म्हणाल्या होत्या.

वकिलाशी यावरून माझं भांडण झालं. कोर्टाजवळच्या टपरीवर तो म्हणाला, "कुठली बी एक अट धर अन् सोड तिला. नवा खेळ मांडू. दोन पोरं हायत माझ्या वळखीची, लई हौशी."

"त्यानं मिटलाय दगड. मी कसा उघडू?"

"अगं, तो खेळ हाय."

"हो ना. खेळच आहे."

"मग?"

त्याचा राग त्या अटीवर नव्हता, हे मला कळत होतं. वर्षभर तो एका माणसाची उलटतपासणी घेत होता आणि तो माणूस खरं बोलायला तयार असून बोलू शकत नव्हता. वकिलाला याहून वाईट काय असेल? त्यानं नव्या मंडळींबरोबर खेळ सुरू केला. मला दोनदा बोलावलं. मी एकदा गेले. गोष्ट सांगणारा मुलगा हुशार होता, नवं पात्र घेऊन मी बसले, समोर दरी आली, काय करता, त्यानं विचारलं. मी म्हणाले, इथंच बसते. सगळे हसले. मी खरंच बसून राहिले आणि चहा झाल्यावर निघून आले.

दुकान आता वहिनी चालवतात. त्या गिऱ्हाइकाशी फार बोलत नाहीत. माळ्यावर खोकी परत जागच्या जागी गेलीत.

गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारी मला पडेगावकडं काम होतं, म्हणून न कळवता गेले. त्याला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी दार उघडलं. तो टीव्हीवर क्रिकेट बघत होता, आवाज बंद ठेवून. मला बघून तो जरा बाजूला सरकला आणि सोफ्यावर जागा केली. मी बसले. मला विचारावंसं वाटलं, अजून सांगायचंय का तुला? पण विचारलं असतं तर त्यानं प्रयत्न केला असता. म्हणून मी विचारलं नाही. त्यानंही कशाकडं बोट केलं नाही. एका फलंदाजाचा झेल सुटला तेव्हा आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडं बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडं. चहापानाची वेळ झाली, खेळाडू मैदानाबाहेर गेले आणि जाहिराती लागल्या. मावशींनी त्याच्या गळ्याशी टॉवेल बांधला आणि वाटीतली पेज चमच्यानं भरवायला घेतली. त्याला ती नको होती. का नको होती, गरम होती म्हणून, अळणी होती म्हणून, की माझ्यासमोर नको होती, हे मावशींना कळलं नाही आणि मलाही नाही. त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं. मावशी म्हणाल्या, "घ्या दादा, पाहुणे काय म्हणतील." मी पर्स उचलली आणि निघाले.